कोरड्या, उष्ण बागेतल्या देशी फुलवेली

एखाद्या भागात कुणी बाहेरून आणून न लावता आपसूक वाढत आलेली आणि बघण्यासारखी फुलं येणारी वेल म्हणजे त्या भागाची देशी फुलवेल. आणि कोरडी उष्ण बाग म्हणजे जिथे पाऊस वर्षातले थोडेच महिने पडतो, उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो आणि भिंती, फरश्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. अशा ठिकाणी देशी वेली लावा असं सगळेच सांगतात, ते बरोबरही आहे, फक्त त्यातून "देशी आहे ना, मग लावा आणि विसरा, पाणी लागत नाही" असा जो अर्थ काढतात तो साफ चुकीचा. नवीन लावलेली देशी वेल पहिल्याच उन्हाळ्यात वाळते ती पुष्कळदा यामुळेच.

कारण असं की रानात वेल उघड्या उन्हात उगवतच नाही सहसा. बी पडतं ते झुडपाच्या बुडाशी, पालापाचोळ्यात, आणि रोप सावलीत वाढत वाढत उन्हाकडे चढतं. म्हणजे शेंडा उन्हात पण मुळं कायम गारव्यात. शिवाय वेल खोड जाड करण्यात ताकद घालवत नाही, आधार दुसऱ्याचा घेते, आणि त्या बारीक खोडातून एवढ्या पानांना पाणी पोचवायला तिच्या पाणीवाहक नळ्या रुंद असतात. पाणी असेल तर ती झपाट्याने वाढते ते यामुळे, पण माती फार कोरडी पडली की याच रुंद नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि वरचा सगळा भाग एकदम मान टाकतो. तेव्हा दुष्काळ सोसायची तिची खरी तयारी जमिनीखाली असते, खोल मुळं नाहीतर कंद, आणि ती तयार व्हायला दोनेक उन्हाळे जावे लागतात. तोपर्यंत तिला देशी म्हणून काही खास सवलत नाही.

देशी कुठली, पाहुणी कुठली

इथे बराच गोंधळ आहे. बोगनवेल कोरड्या बागेत एवढी रुळलीये की ती बाहेरची वाटतच नाही, पण ती मूळची दक्षिण अमेरिकेची, 1766 ते 1769 मध्ये जगप्रदक्षिणा केलेल्या बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचं नाव तिला दिलंय (आणि ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरी फुलं आत पांढरी, चिमुकली, तीन-तीनच्या झुबक्यात). गुलाबी तुऱ्यांची आइसक्रीम वेल मेक्सिकोची. तिथल्या कोरड्या भागात ती देशी आणि उत्तम, पण ग्वामसारख्या पॅसिफिक बेटांवर तिनेच झाडोरा गिळून टाकलाय. माधवीलता भारतात देशी आणि मॉरिशस, रियुनियनमध्ये उपद्रवी. तेव्हा देशी हा वेलीचा गुण नाहीच, ते वेल आणि जागा यांचं नातं आहे, नर्सरीतल्या पाटीवर काय लिहिलंय त्याने काही ठरत नाही.

अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोरा वाळवंटाच्या पट्ट्यात बागेला चालणाऱ्या वेली म्हणजे नाजूक पानांची, जांभळ्या-लाल फुलांची स्नॅपड्रॅगन वेल, आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाकडची पिवळीधमक मेरेमिया ऑरिया. ऑस्ट्रेलियात जांभळ्या तुऱ्यांची हार्डेनबर्जिया. भारताच्या कोरड्या भागात कळलावी, मोरवेल, दक्षिणेकडची जुई, आणि संध्याकाळी पांढरी सुवासिक फुलं उघडणारी फांद नावाची वेल. यातली एखादी एका ठिकाणी छान येते म्हणून दुसरीकडे उचलून नेऊ नये, तिथली तिथेच बरी.

लावणी आणि पाणी

लावायचं ते पावसाच्या तोंडावर, आणि जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो तिथे शरदात, म्हणजे मुळांना उन्हाळ्याआधी जास्तीत जास्त वेळ मिळतो. मोठ्ठं, कुंडीत मुळं गोल गोल फिरलेलं रोप घेण्यापेक्षा छोटं घ्यावं, दोन वर्षांत ते मोठ्याला गाठतं. खड्डा आधी पाण्याने भरून बघायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली चुनखडीचा किंवा घट्ट मातीचा थर आहे, एकतर तो फोडायचा नाहीतर जागा बदलायची, कारण कोरड्या बागेतही वेली मुळं कुजून मरतात आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून ते अजून पाणी घालतात!

रोज तांब्याभर पाणी ही सगळ्यात वाईट सवय. वरची चार बोटं माती ओली राहते, मुळं तिथेच घुटमळतात आणि चार दिवस गावाला गेलं की खेळ खलास. त्यापेक्षा आळं मोठं करून, बुंध्याशी थोडा उंचवटा ठेवून, सावकाश भरपूर पाणी द्यायचं आणि मग मध्ये खंड पाडायचा. पाणी किती खोल गेलं ते बघायला एक बारीक लोखंडी सळई पुरते, ओल्या मातीत ती हाताने सहज जाते आणि कोरडी लागली की अडते. 45 सेंटीमीटरपर्यंत गेली तर ठीक. ड्रिप असेल तर तोटी खोडाला चिकटवून ठेवू नये, मुळं पसरतील तशी दरवर्षी बाहेर सरकवत न्यावी. आळ्यात सात-आठ सेंटीमीटर पालापाचोळा (खोडाला न टेकवता), आणि दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला एखादं ठेंगणं झुडूप किंवा नुसता मोठा दगड, मुळांवर सावली पडली की झालं. हे उत्तर गोलार्धाचं, दक्षिण गोलार्धात उत्तर-पश्चिम.

आधार

वेल चढते कशी ते बघून आधार द्यायचा. 1865 मध्ये डार्विनने याच गोष्टीवर वेलींची वर्गवारी केली होती आणि ती अजून कामाला येते. खोडाने वेढे घेणाऱ्यांना काठी, तार चालते, मोरवेल पानाच्या देठाने पकडते, तिला बारीक जाळी लागते, जाड खांबावर ती घसरते. तणावे (आधाराला गुंडाळणारे बारीक तंतू) असलेल्यांनाही बारीकच. वेढे घेणाऱ्या बहुतेक वेली वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, तुम्ही हौसेने दुसऱ्या बाजूने गुंडाळली तर ती दोन दिवसांत सुटून मोकळी होते. उघडी लोखंडी जाळी उन्हात चटका बसण्याइतकी तापते आणि कोवळे शेंडे करपतात, लाकूड, बांबू किंवा सुतळी बरी. आणि पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून काहीच नको, निदान वीतभर अंतर सोडावं, मागून हवा खेळली पाहिजे.

कळलावी

हिच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कोरड्या बागेसाठी ही जवळजवळ मुद्दाम बनवल्यासारखी आहे. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि जे सापडेल त्याला धरतं, वेगळे तणावे नाहीत. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, मागे उलटलेल्या, आधी हिरवट-पिवळ्या आणि मग खालून पिवळ्या वरून लाल अशा करत शेवटी पूर्ण लाल. फुलाच्या मधल्या बीजांडकोशाला (ज्याचं पुढे फळ होतं) काटकोनात वळलेली कुक्षीची दांडी दिसते ती हिची खूण. पावसावर फुटते, फुलते, आणि पाऊस संपल्यावर वरचा सगळा भाग वाळतो. वेल मेली असं समजून लोक कंद उपटतात किंवा जिवंत करायला पाणी घालत बसतात, दोन्ही चूक, तो कंदाचा झोपेचा काळ आहे, तेव्हा माती कोरडीच हवी. कंद बोटासारखे, बरेचदा जोडलेले, आणि डोळा फक्त टोकाला असतो, ते टोक मोडलं की त्या कंदातून काही येत नाही, म्हणून आडवा आणि अगदी हळू ठेवायचा. आफ्रिका आणि आशियात ही देशी, झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल, पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तण. आणि सगळे भाग विषारी, कोल्चिसीन नावाचं विष असतं, कंदात तर जिवावर बेतण्याइतकं, त्यामुळे लहान मुलं किंवा माती उकरणारा कुत्रा घरात असेल तर सरळ नाही म्हणावं.

खत, छाटणी, किडे

खत कमीच. नत्र जास्त झालं की पानंच पानं, आणि हार्डेनबर्जियासारख्या शेंगवर्गीय वेलींना तर ते वेगळं द्यायचं कारणच नाही. छाटणीचं ठरवताना फूल जुन्या फांदीवर येतं की नव्या हे बघावं, हार्डेनबर्जिया फुलून गेल्यावर लगेच, जुई नव्या फुटव्यावर फुलते म्हणून बहराच्या आधी. ऐन उन्हाळ्यात मात्र कोणतीच छाटू नये, आतल्या सावलीतल्या फांद्या उघड्या पडतात आणि भाजतात.

कडक कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते, पानाच्या मागे बारीक जाळं दिसतं, सकाळी पानाच्या खालून पाण्याचा फवारा मारला की बरीच आटोक्यात राहते. औषध मारायची घाई नको कारण पानं खाणाऱ्या अळ्या हेच देशी वेली लावायचं अर्धं कारण आहे. रुईच्या कुळातल्या चिकाच्या वेलींवर ब्लू टायगर फुलपाखरू अंडी घालतं, ईश्वरीच्या वेलीवर कॉमन रोझ फुलपाखरू. इथे परदेशी भावंड चालत नाही. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचं फुलपाखरू शोभेसाठी आणलेल्या दक्षिण अमेरिकन ईश्वरीच्या जातीवर अंडी घालतं आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात, कुळ एकच असूनही. ईश्वरी कुळाची फुलंही मजेशीर, वास काढून माशीला आत ओढतात, नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे ती अडकते, परागकण अंगावर पडले की केस सुकतात आणि मग तिची सुटका.

रोपं मिळत नाहीत ही खरी अडचण. म्हणून रानातून कंद उपटून आणणं हा उपाय नाही, कळलावी त्यामुळेच कितीतरी ठिकाणी कमी झालीये, आणि खोल मुळाची वेल उपटली की ती बहुतेकदा जगतही नाही. थोडं बी घ्यावं, बाकी तिथेच सोडावं. शेंगवर्गीय बियांचं कवच टणक असतं, पॉलिश पेपरवर हलकं घासून किंवा गरम पाणी ओतून रात्रभर भिजवलं की फुगतात, जी फुगली नाहीत ती परत घासायची.