शिरोळची जमीन खतांनी नव्हे, साचलेल्या पाण्याने खारावली

‘युरिया-पोटॅशनं रान मारलं’ हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडं वर्षानुवर्षं ऐकू येतं. खतांचा अतिरेक वाईटच, पण रान क्षारपड होण्याचं मुख्य कारण तो नाही.

पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तो सगळा पट्टा सखल आणि जमीन काळी, चिकण. पाणी तिच्यातून सहजी झिरपत नाही. त्यात उसाला मोकाट पाटपाणी दिलं की भूजल वर सरकत मुळांपर्यंत येतं. मग उन्हाळ्यात पाणी केशाकर्षणानं, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, वर चढून उडून जातं, त्यातले क्षार मात्र मागं राहतात. म्हणून पांढरी पापडी आधी वरंब्याच्या माथ्यावर दिसते. हे क्षार बहुतांशी खडक, माती आणि पाण्यातलेच असतात.

त्यामुळं नुसतं शेणखत टाकून किंवा युरिया बंद करून असं रान सुधारत नाही. चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या रानात जिप्सम लागतं; ते मातीला चिकटलेला सोडियम सोडवतं, पण निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? आधी चर काढा किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप घाला. शिरोळ तालुक्यात अशा पाईपांनी पडीक रानं पुन्हा उसाखाली आली आहेत. मात्र एकट्यानं भागत नाही. पाईपचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या शेतकऱ्याच्या रानातून जावं लागतं, म्हणून शेजाऱ्यांनी मिळूनच हे काम करावं लागतं.