घरच्या घरी अंडी उबवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. आमच्याकडून छोटं इनक्युबेटर नेलंय किंवा न्यायचा विचार चाललाय अशा सगळ्या ताई-दादांसाठी हे पत्रक. कुठलं बटण कशाला ते मशीनच्या कागदात आहेच, इथे फक्त पिल्लं जास्त कशी निघतील तेवढंच बोलू. आणि पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो, मशीन ऊब देतं, ओलावा धरतं, अंडी फिरवतं, पण हॅचिंगचं निम्मं गणित अंडी मशीनमध्ये जायच्या आधीच ठरलेलं असतं. एकविसाव्या दिवशी फोन येतो की काहीच निघालं नाही, आणि बोलता बोलता कळतं की अंडी तीन आठवड्यांची होती नाहीतर फ्रिजमधली होती. म्हणून अंड्यापासूनच सुरुवात करू.

अंडी कुठली आणि कशी

दुकानात ट्रेमध्ये मिळतात ती पांढरी लेयरची (फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची) अंडी ठेवू नका, त्या फार्मवर कोंबडे नसतातच त्यामुळे अंडं फर्टाईल, म्हणजे पिल्लू धरणारं, असायचा प्रश्नच येत नाही. ब्राऊन अंडं म्हणजे गावरान असंही काही नसतं. ज्याच्याकडे कळपात कोंबडा फिरतोय, साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक, त्याच्याकडूनच घ्या आणि कधी घातलेली आहेत ते विचारूनच घ्या. पेठ, सुरगाण्याकडे वाड्या-पाड्यांवर चांगली गावरान अंडी मिळतात, पण तिथून नाशिकपर्यंत घाटातून मोटरसायकलला पिशवी लटकवून आणली की अंड्याच्या रुंद बाजूला जो हवेचा कप्पा असतो तो धक्क्यांनी सुटतो आणि अशी अंडी लगेच मशीनमध्ये घातली की मार खातात. तुसात किंवा पेपरच्या तुकड्यात भरून आणा आणि घरी आल्यावर टोकदार बाजू खाली करून १२ ते २४ तास शांत ठेवा, मगच मशीनमध्ये.

जातीबद्दल बरेच जण विचारतात. वनराज, गिरिराज ही संकरित पाखरं, त्यांच्या अंड्यातून पिल्लं निघतील पण ती आईबापासारखी वजनदार किंवा अंड्याला तशीच निघतील ही खात्री नाही, कळप वाढवायच्या हिशोबाने हे आधी समजून घ्या. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची मूळ देशी जात, नर-मादी दोन्ही चोख असतील तर पिल्लंही तशीच येतात. फक्त कडकनाथचं अंडं काळं नसतं हो, फिकट तपकिरी-क्रीम रंगाचंच असतं, काळं अंडं म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर घेऊ नका.

मध्यम आकाराची, तडा नसलेली, स्वच्छ अंडी निवडा. खूप मोठं बहुधा दोन बलकांचं असतं, त्याच्यातून पिल्लू निघणं जवळजवळ अशक्य. आणि अंडी धुवू नका, ही कळकळीची विनंती. कोंबडीने अंडं घातलं की वरचा ओलसर थर वाळून टरफलाची बारीक छिद्रं बुजवतो, जंतू आत जायला तोच अडवतो, धुतलं की तो गेला. थोडी माती लागली असेल तर कोरड्या कापडाने पुसा, विष्ठेने भरलेलं असेल तर खायलाही नको आणि उबवायलाही नको.

साठवायची तर सात दिवसांच्या आतली. त्यानंतर पिल्लं निघायचा टक्का रोज घसरतो. चांगलं तापमान म्हणजे १५ ते १८ डिग्री, फ्रिज त्याहून बराच गार असतो म्हणून फ्रिज नको. मे महिन्यात नाशकात घरात ३५ डिग्री असते तेव्हा वेगळाच घोळ होतो, विशी-पंचविशीच्या वर अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो आणि अर्धवट उबेत दोन-चार दिवसांत मरतो, बाहेरून अंडं ताजंच दिसतं. उन्हाळ्यात तीन दिवसांपेक्षा जास्त जमवू नका, माठाशेजारी गार कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर टोपली ठेवा, अंडी मात्र कोरडी राहिली पाहिजेत.

एक गोष्ट आमच्या धंद्याच्या विरोधात वाटेल पण सांगायलाच हवी. दहा-बारा अंड्यांचाच प्रश्न असेल आणि घरात खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी) कोंबडी असेल तर तिला रवणावर, म्हणजे अंड्यांवर, बसवा, मशीनची गरजच नाही, ती लाईट गेली तरी उठत नाही आणि पुढे पिल्लं सांभाळते. मशीन लागतं ते वर्षभर, हवं तेव्हा आणि जास्त अंडी लावायची असतील तर.

मशीन कुठे ठेवायचं, किती डिग्री

पत्र्याच्या शेडमध्ये नको, खिडकीच्या उन्हात नको, पंख्याच्या झोतात नको. हे मशीन गरम करू शकतं, गार करू शकत नाही हे लक्षात ठेवा. पत्र्याखाली दुपारी आतच ४० डिग्री झाली तर कंट्रोलर बल्ब बंद करून बसेल, त्यापुढे त्याच्या हातात काही नाही, आणि अंडी गार पडण्यापेक्षा तापण्याने पटकन मरतात. निफाड, दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत उलटं, थंडी कडक असते, तिकडे आतली खोली बघा, बाहेरच्या दारापासून लांब.

अंडी घालायच्या आधी २४ तास मशीन रिकामं चालवा. फॅन असलेल्या मशीनला ३७.५ डिग्री सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. बिनफॅनच्या घरगुती थर्माकोल बॉक्सला अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८, कारण त्यात वर गरम आणि खाली गार असं राहतं. डिस्प्लेवर आंधळा विश्वास ठेवू नका, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला धरून पडताळून बघा, अर्ध्या डिग्रीचा सततचा फरकसुद्धा हॅचिंगला नडतो.

ओलाव्याचं मीटर तपासायची सोपी युक्ती अशी. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून दाट चिखलासारखं करा, ते आणि मीटर एका हवाबंद पिशवीत सहा-आठ तास ठेवा. आत ७५ टक्के यायला हवं. मीटर ६८ दाखवत असेल तर तुमचं मीटर ७ ने कमी दाखवतं, तेवढे मिळवून वाचा.

पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के ओलावा. पण इगतपुरी-त्र्यंबकला जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की ट्रेमध्ये पाणी घालायची गरजच पडत नाही, आणि सिन्नर-येवल्याकडे एप्रिलमध्ये दोन्ही ट्रे भरून रोज बघावं लागतं, म्हणजे एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही. त्यामुळे आम्ही वजन करायला सांगतो. किचनचा डिजिटल काटा घ्या, दहा अंडी मिळून समजा ५०० ग्रॅम भरली तर सातव्या दिवशी ४७५-४८० आणि अठराव्या दिवशी ४४०च्या आसपास यायला हवीत, म्हणजे साधारण १२ टक्के पाणी उडून जायला हवं. तेवढं पाणी गेल्यावरच हवेचा कप्पा पुरेसा मोठा होतो आणि पिल्लू पहिला श्वास त्यातच घेतं. वजन पुरेसं घटत नसेल तर ट्रेमधलं पाणी कमी करा, जास्त घटत असेल तर वाढवा.

फिरवणं ऑटोमॅटिक असेल तर काळजी नाही. हाताने असेल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम संख्येत, म्हणजे रोज रात्री तीच बाजू वर राहत नाही. पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा, मार्कर वापरू नका. फिरवलं नाही तर जीव टरफलाच्या आतल्या पडद्याला चिकटतो.

सातवा दिवस

अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची छोटी नळी धरून अंड्याची रुंद बाजू त्यावर टेकवा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या आणि मध्ये एक काळा ठिपका दिसतो, जरा वेळ स्थिर धरलं तर तो ठिपका हलतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला अंगावर काटा येतो, घरातल्या मुलांना जरूर दाखवा. शिरा नाहीत आणि सगळं पिवळसर उजळ दिसतंय तर ते फर्टाईल नव्हतं. शिरा विरून गेल्यात आणि नुसतं रक्ताचं कडं राहिलंय तर जीव धरून मेलाय, अशी अंडी काढा. वास येणारं किंवा टरफलावर ओले थेंब सुटलेलं अंडं तर लगेच आणि अलगद काढा, आत फुटलं तर सगळ्या मशीनला घाण लागते. गडद टरफलाचं काही कळत नसेल तर चौदाव्या दिवशी परत बघा, घाईने फेकू नका.

लाईट गेली तर

घाबरू नका. मशीन उघडू नका, वरून गोधडी टाका, हवेची भोकं मात्र बुजवू नका. तास-दोन तासांनी सहसा मोठं नुकसान होत नाही. चार-पाच तास जाणार असतील तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा, अंड्याला टेकणार नाहीत अशा. शेवटच्या आठवड्यात पिल्लं मोठी असतात, स्वतः बऱ्यापैकी ऊब तयार करतात आणि हवाही जास्त ओढतात, तेव्हा घट्ट झाकलं तर गुदमरतात. छोट्या मशीनला घरातला इन्व्हर्टर पुरतो, वारंवार लाईट जाणाऱ्या भागात तेवढी सोय आधी करा.

अठरा ते एकवीस: हात लांब

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, अंडी जाळीवर आडवी, ओलावा ६५ ते ७०, हवेची भोकं उघडी. मग झाकण लावा आणि उघडायचं नाही. जास्तीत जास्त रिझल्ट इथे बिघडतो आणि तोही मायेपोटी. विसाव्या दिवसाच्या आसपास अंडी हलतात, आतून चिवचिव ऐकू येते, रुंद बाजूला बारीक चांदणीसारखा तडा पडतो. त्यानंतर १२-१८ तास, कधी २४ तास काहीच होत नाही. माणूस कासावीस होतो की अडकलं बहुतेक, म्हणून झाकण उघडून टरफल सोलायला घेतो. अहो, त्या वेळात पिल्लू थांबलेलं नसतं, पडद्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. त्याच्या आत सोललं की रक्तस्राव होतो, नाहीतर बेंबी उघडी राहून दोन दिवसांत मरतं. आणि झाकण उघडल्याने आतला ओलावा झरकन उतरतो, बाकीच्यांचा पडदा वाळून अंगाला चिकटतो, म्हणजे एकाला वाचवताना चार जातात. पूर्ण २४ तास उलटले, पडदा वाळून तपकिरी झाला आणि पिल्लू ओरडतंय तरच कोमट ओल्या कापसाने कडा भिजवून थोडंसं उचला, रक्ताचा थेंब दिसला की जागच्या जागी थांबा.

निघालेली पिल्लं वाळेपर्यंत आतच राहू द्या. उपाशी मरत नाहीत, पोटातला बलक दोन दिवस सहज पुरतो, एक दिवसाची पिल्लं खोक्यातून लांबलांब पाठवता येतात ती त्याच जोरावर.

बटेर म्हणजे लावा १७-१८ दिवस घेते, बदक २८, गिनी फाऊल २६ ते २८, टर्की २८. त्यांच्यासाठीही शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद.

पिल्लं बाहेर काढल्यावर

पहिला आठवडा ३५ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण तीनने कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी ठेवली तर तापतंय. घोटीकडच्या राईस मिलचं भाताचं तूस खाली चांगलं, पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट किंवा जुनं सुती कापड टाका, गुळगुळीत पेपरवर पिल्लांचे पाय फाकतात. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोटे टाका, नाहीतर बुडतात. मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस ५ ते ७ दिवसांत डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो या दुसऱ्या रोगाची साधारण चौदाव्या दिवशी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळापत्रक लिहून घ्या. निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच चाला. आणि पिल्लं हाताळल्यावर, विशेषतः मुलांचे, हात साबणाने धुवा.

न निघालेली अंडी फेकायच्या आधी

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी बाहेर मोकळ्या जागेत एकेक करून फोडून बघा. नकोसं काम आहे पण पुढची बॅच यातूनच सुधारते. काहीच जीव धरलेला नसेल तर कोंबड्याचा प्रश्न. पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेली जास्त असतील तर साठवण, प्रवास किंवा सुरुवातीचं तापमान बघा. पूर्ण वाढून टोच न मारता मेली असतील तर ओलावा, हवा नाहीतर फिरवणं. टोच मारून वाळून अडकली तर शेवटच्या दिवसांत ओलावा कमी पडला. डोकं टोकदार बाजूला असेल तर अंडं उलटं लावलं गेलं असण्याची शक्यता जास्त. एकोणिसाव्या दिवशीच पिल्लं निघाली असतील तर मशीन गरम चालतंय, तेविसाव्याला निघाली तर गार.

फोन किंवा मेसेज करताना एवढं सांगा: अंडी किती दिवसांची होती, कुठून आणि कशी आणली, सातव्या दिवशी किती काढली, अठराव्या दिवशी वजन किती होतं, आणि फोडल्यावर कुठल्या टप्प्यावर किती मेलेली दिसली, शक्य असेल तर फोटो. मशीन कुठल्या खोलीत आहे तेही. एवढं कळलं की बहुतेक वेळा फोनवरच दोष सापडतो. पुढची बॅच लावायच्या आधी मशीन धुऊन, जंतुनाशकाने पुसून, एक दिवस उघडं वाळवा, पिल्लांची लव फॅनच्या पात्यांत अडकते तीही ब्रशने काढा.