पत्तीवरचा आकडा आणि नळाची जात: टेनर सॅक्सोफोनच्या रीडची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘केन’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी ऊस येतो, नाहीतर खुर्च्या विणायचा वेत. सॅक्सोफोनची पत्ती, म्हणजे रीड, ही तोंडात धरायच्या टोकावर (माउथपीसवर) बसवलेली आणि फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी. तिच्या डब्यावर छापलेले ‘केन’ यांपैकी काहीच नसते. ते अरुंडो डोनॅक्स नावाचे, पाणथळ जागी वाढणारे, आतून पोकळ असे उंच गवत आहे; त्याच्या कांडालाच नळ म्हणतात. ज्यांनी बोरूची लेखणी हाताळली आहे त्यांना त्याचा पोत लगेच ओळखीचा वाटेल. उसाशी त्याचे नाते एवढेच की दोन्ही एकाच तृणकुळातील. बँडमध्ये टेनर वाजवणारी आमची मंडळी पत्ती घेताना ‘अडीच की तीन’ एवढेच विचारतात आणि डबा खिशात टाकतात. पण पत्तीचा दर्जा त्या आकड्यात नसतो. नळ कुठे वाढला, किती वर्षांचा झाल्यावर कापला आणि कसा वाळवला यावर तो ठरतो, आणि हे प्रश्न सॅक्सोफोनच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून विचारले जात आहेत.

इसवी सनापूर्वी तीनशे वर्षांच्या सुमारास ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस याने कोपाइस सरोवराच्या काठी वाढणाऱ्या नळाचे बारकाईने वर्णन केले आहे. ‘ऑलोस’ या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या पत्त्या त्या नळापासून बनत. सरोवर भरून पाणी पुढच्या वर्षीही टिकले तरच पत्तीजोगा जाड नळ मिळतो, असे तो नोंदवतो. त्याची दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते. वादन साधे होते तोवर नळ शरद ऋतूत कापत आणि त्याच्या पत्त्या वाजण्याजोग्या व्हायला बरीच वर्षे लागत. पुढे वादन नटवे झाले, पत्ती अधिक लवावी अशी गरज निर्माण झाली, तेव्हा कापणीचा हंगामच उन्हाळ्यात आणला गेला. चांगला नळ कोणता हे ठरवताना वाजवणाऱ्याची शैलीही विचारात घ्यावी लागते, हे त्या काळी ठाऊक होते.

आपल्याकडे हे ज्ञान सनईवाल्यांकडे राहिले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे जन्मगाव असलेले बिहारमधील डुमराव हे सोन नदीकाठच्या नरकट गवतासाठी ओळखले जाते, आणि सनईची पत्ती त्याच गवताची असते. सोलापूर-अक्कलकोट भागाला तर सनईहून लहान अशा सुंद्रीचा स्वतंत्र वारसा आहे, आणि जाधव घराण्याने ती मैफलीपर्यंत नेली. सनई आणि सुंद्री यांची पत्ती दुहेरी असते. गवताचे दोन पातळ पापुद्रे एकमेकांवर थरथरतात. सॅक्सोफोनची पत्ती एकेरी असते आणि ती माउथपीसच्या कडेवर आपटते. त्यामुळे एकाच पापुद्र्याला सगळा भार सोसावा लागतो, आणि त्यात एका बाजूचे तंतू जरी दुबळे असले तरी त्याची भरपाई करायला दुसरा पापुद्रा नसतो.

बेल्जियममधील दिनाँ येथे १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. वाद्य पितळी असले तरी आवाजाचा उगम त्याने क्लॅरिनेटकडून घेतला, म्हणून पत्तीचा सारा पूर्वानुभवही क्लॅरिनेटवाल्यांचाच होता. टेनरच्या सर्वांत खालच्या सुरावर पत्ती सेकंदाला सुमारे १०४ वेळा उघडमीट करते आणि वरच्या सुरांवर सहाशेच्याही पुढे जाते. टोकाशी तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. एवढा पातळ पापुद्रा तासन्‌तास ओला राहून, तोंडातल्या उबेत इतक्या वेळा वाकूनही तुटत नाही, ही त्या गवताची करामत आहे.

हे गवत युरोपचे मूळ रहिवासी नाही. ते आशियातून भूमध्य समुद्राकाठी फार पूर्वी पसरले, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पण पत्तीचा नळ म्हटले की गेले शतकभर दक्षिण फ्रान्समधील व्हार जिल्ह्याचे नाव घेतले जाते. फ्रेजुस, कोगोलँ, इयेर ही तिथली गावे. समुद्राची हवा, कोरडा उन्हाळा आणि उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा नळाला मानवतो. पहिल्या वर्षी नळ उंची गाठतो, पण त्याची भिंत कच्ची असते. दुसऱ्या वर्षी ती कठीण होते आणि मग हिवाळ्यात, वाढ थांबलेली असताना कापणी होते. कापलेले नळ उभे टेकवून रचतात. त्या रचनेची छायाचित्रे पाहिली की आपल्या ज्वारीच्या शिवारातली कडब्याची बुचाडे आठवतात, आणि मला ते साम्य वरवरचे वाटत नाही. ओलसर कडब्याची गंजी लावली तर ती आतून काळी पडते, हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. नळाचेही तसेच आहे. वाळल्यावर पाने सोलून काढतात, कांड्या उन्हात मांडतात आणि सगळ्या बाजूंनी सारखे ऊन लागावे म्हणून त्या फिरवत राहतात. हिरवा रंग जाऊन सोनेरी आला की माल कोठारात जातो, आणि तिथेही त्याला घाईने हात लावत नाहीत. मग जाडीनुसार कांड्या वेगळ्या करून प्रत्येकीचे उभे चार भाग करतात. टेनरची पत्ती क्लॅरिनेटच्या पत्तीहून रुंद असते, म्हणून तिला जाड नळ लागतो.

पूर्वी वादक पत्ती स्वतः तासत. विसाव्या शतकात हे काम कारखान्यात गेले. पॅरिस ऑपेराचे क्लॅरिनेटवादक यूजेन व्हान डोरेन यांनी १९०५ साली सुरू केलेले पत्त्यांचे काम पुढे व्हॅन्डोरेन या नावाने जगभर पोहोचले. अमेरिकेत १९२८ साली रिको कंपनी उभी राहिली. तिलाही नळ व्हारमधूनच जात असे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सकडून येणारा माल अडला, तेव्हा अमेरिकी उत्पादकांना कॅलिफोर्नियात ओढ्याकाठी माजलेल्या त्याच जातीच्या नळाकडे वळावे लागले. तिथे हे गवत स्पॅनिश वसाहतीच्या काळात धूप थांबवण्यासाठी आणि छपरांसाठी लावलेले होते, आणि आज ते उपद्रवी तण म्हणून उपटले जाते. पुढे अर्जेंटिनातही पत्तीसाठी नळाची लागवड झाली. जात एकच असूनही जमीन, वारा आणि वाळवण बदलले की पत्ती वेगळी बोलते, हे वादकांना अनुभवाने माहीत आहे.

आता तो आकडा. बहुतेकांची समजूत अशी की तीनची पत्ती अडीचच्या पत्तीपेक्षा जाड असते. प्रत्यक्षात एकाच प्रकारच्या सगळ्या पत्त्या यंत्रावर एकाच मापाने तासलेल्या असतात. तासून झाल्यावर प्रत्येकीचे टोक दाबून ती किती प्रतिकार करते हे मोजतात आणि त्यानुसार तिच्यावर आकडा छापतात. म्हणजे आकडा नळाचा ताठपणा सांगतो, त्याची प्रत सांगत नाही. उत्तम वाळलेला, सरळ तंतूंचा नळ अडीच भरू शकतो आणि ओबडधोबड नळही अडीचच भरू शकतो. शिवाय हा आकडा प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, त्यामुळे एकीची अडीच सोडून दुसरीची अडीच लावणाऱ्याची फसगत होते. एकाच कंपनीतही तासण्याचे माप बदलते: व्हॅन्डोरेनची जुनी निळ्या डब्यातली पत्ती, १९८३ सालची जावा आणि १९९३ सालची व्ही१६ या तिन्हींच्या टोकाची आणि मध्यभागाची जाडी वेगवेगळी आहे. जॅझ वाजवणाऱ्यांनी मोठ्या उघाडाचे, म्हणजे पत्तीचे टोक आणि माउथपीसचे टोक यांतली फट मोठी असलेले, माउथपीस स्वीकारल्यामुळे ही गरज निर्माण झाली. उघाड जितका मोठा तितकी पत्तीला जास्त वाकावे लागते, म्हणून तिथे मऊ पत्ती चालते. लहान उघाडावर तीच पत्ती चिकटून बसते आणि सूर मरतो.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या बँडचे मास्तर मुंबईहून पत्त्या आणत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात खरेदी आणि रात्री परत. डबा उघडताना मी एकदा म्हणालो, “मास्तर, अडीचच आहे की ही, लावू का?” त्यांनी पत्ती माझ्या हातातून काढून घेतली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. “आकडा नंतर वाच. आधी उजेडात बघ.”

उजेडात काय पाहायचे ते त्यांनी दाखवले, आणि ते आजही तितकेच खरे आहे. मध्यभागी उलट्या ‘यू’ अक्षरासारखी गडद सावली दिसते; ती दोन्ही बाजूंना सारखी उतरलेली असावी. तंतू बुंध्यापासून टोकापर्यंत सरळ जावेत, तिरके जाऊन कडेला संपू नयेत. साल सोनेरी असावी आणि तिच्यावर तपकिरी ठिपके असले तर बिघडत नाही, पण हिरवट झाक म्हणजे नळ पुरता वाळलेला नाही. बुंध्याचा छेद पाहिला तर सालीलगत तंतूंचे ठिपके दाट आणि सारखे पसरलेले हवेत, आणि सालीची कमान दोन्ही कडांना सारख्याच जाडीची हवी. या शेवटच्या खुणेच्या जवळ जाणारे संशोधन पुढे झाले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९८ साली क्लॅरिनेटच्या पत्त्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा वादकांनी चांगल्या ठरवलेल्या पत्त्यांत, तंतूंचे कडे अखंड असलेल्या वाहिनीपुंजांचे (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या बारीक नळ्यांच्या जुडग्यांचे) प्रमाण अधिक आढळले.

सोलापूरच्या हवेत यापुढेही एक परीक्षा असते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवेत ओल राहत नाही, आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते. वरात थांबली, पाच मिनिटे सॅक्स गळ्यात लटकत राहिला की पत्तीचे टोक लाटेसारखे वळते आणि पुढचा सूर फाटतो. कच्च्या नळाची पत्ती या ओल्या-कोरड्या फेऱ्यांत आधी हार मानते. नीट वाळलेल्या नळाची पत्ती पुन्हा सपाट होते. म्हणून नवी पत्ती पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटेच वाजवायची, सपाट काचेवर ठेवून झाकणाच्या डबीत ठेवायची आणि आठवडाभर रोज थोडा वेळ वाढवत न्यायचा, ही मास्तरांची पद्धत मी सोडलेली नाही. १९९८ साली कॅनडात सुरू झालेल्या लेजेअर कंपनीच्या कृत्रिम पत्तीला यांतले काहीच लागत नाही, आणि भर उन्हातल्या वरातीसाठी ती घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. बैठकीत मात्र मला नळाचाच आवाज हवा असतो.

मी प्रत्येक पत्तीच्या सपाट बाजूला, बुंध्याजवळ, पेन्सिलीने पहिल्यांदा लावल्याची तारीख लिहितो. गेल्या संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत उघडलेल्या डब्यातील दहापैकी चार पत्त्या पहिल्याच दिवशी बाजूला काढल्या होत्या. जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर त्या चार पुन्हा लावून पाहिल्या. तीन तशाच ताठ निघाल्या. चौथी, जिची सावली उजेडात सर्वांत सारखी दिसली होती, ती खालच्या सुरांत मोकळी बोलू लागली, आणि अजून वाजते आहे.