खासगी व सामायिक मेमरी (गोपनीय व्हर्च्युअल मशीन)

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक; त्यात चालणारी प्रणाली हा गेस्ट आणि तो चालवणारा सर्व्हर हा होस्ट. गोपनीय व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टच्या मेमरीचे प्रत्येक पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) एकतर खासगी असते किंवा सामायिक. खासगी पेज प्रोसेसर त्या मशीनच्याच किल्लीने कूटबद्ध ठेवतो, त्यामुळे होस्टला त्यातला मजकूर उलगडत नाही. सामायिक पेज होस्टला वाचता-लिहिता येते. डिस्क आणि नेटवर्कची देवघेव सहसा त्यातूनच चालते. एएमडीचे एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलचे टीडीएक्स ही यातली दोन प्रमुख तंत्रे.

ठाण्यातली सहकारी बँक ऐरोली, रबाळे किंवा महापेच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या सर्व्हरवर काम चालवते तेव्हा यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असते, खातेदारांच्या माहितीची जबाबदारी मात्र बँकेचीच राहते. अशा ठिकाणी हे तंत्र उपयोगी पडते. कूटबद्ध करण्याचे काम प्रोसेसर चोख करतो. चुका होतात त्या पेजचा प्रकार बदलताना, म्हणून प्रशासकाने सगळ्यात जास्त लक्ष तिथे द्यावे.

प्रकार कोणता, हे पेज टेबलमधला (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातला) एक बिट सांगतो. एएमडीत सी-बिट लावलेला असेल तर पेज खासगी. इंटेलमध्ये याच्या उलट: गेस्टच्या भौतिक पत्त्याचा सर्वात वरचा बिट लावला की पेज सामायिक. नुसता बिट बदलून भागत नाही. एसएनपीवर लिनक्स गेस्ट पेज सामायिक करताना आधी त्याची मान्यता पीव्हॅलिडेट या प्रोसेसरच्या सूचनेने काढून घेतो, मग होस्टला स्थिती बदलायला सांगतो आणि शेवटी सी-बिट उतरवतो. परत खासगी करताना क्रम उलटा: आधी बिट, मग होस्टला विनंती, शेवटी मान्यता. टीडीएक्समध्ये विनंती ‘मॅप-जीपीए’ या कॉलने जाते, आणि खासगी झालेले पेज गेस्टने स्वीकारल्याशिवाय वापरता येत नाही. बदलात जुना मजकूर टिकेल असे कधीही धरू नये. पेज हाती आले की आधी शून्याने भरावे.

सामायिकतेचे सर्वात लहान माप ४ केबी आहे. २०० बाइटचा बफर सामायिक केला तरी त्याच्या पेजवरचे बाकीचे सगळे होस्टपुढे उघडे पडते, आणि शेजारी किल्ली असेल तर तीही. त्यामुळे असे बफर स्वतंत्र, पेजच्या सीमेवर सुरू होणाऱ्या जागेतच घ्यावेत. सामायिक पेजवरची लांबी किंवा निर्देशांक तिथल्या तिथे तपासणेही धोक्याचे असते, कारण तपासणी आणि वापर यांच्यामध्ये होस्ट आकडा बदलू शकतो. आधी खासगी जागेत प्रत घ्यावी, मग त्या प्रतीवर तपासणी करावी.

लिनक्स होस्टवर ६.८ आवृत्तीपासून (२०२४) केव्हीएममध्ये (लिनक्समधला व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) ‘गेस्ट-मेमएफडी’ ही खासगी मेमरी पुरवणारी सोय आहे. खासगी पेजेस त्यातून येतात आणि सामायिक पेजेस नेहमीच्या मेमरीतून. म्हणजे एकाच पत्त्यामागे दोन साठे असतात. पेजचा प्रकार बदलल्यावर क्यूईएमयूने (होस्टवर गेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) जुन्या साठ्यातली जागा मोकळी केली नाही, तर ६४ जीबीचा गेस्ट हळूहळू १२८ जीबीपर्यंत खाऊ शकतो. उपकरण थेट गेस्टला जोडताना व्हीएफआयओने (उपकरण गेस्टच्या हाती देणारी लिनक्सची यंत्रणा) सगळी सामायिक मेमरी सुरुवातीलाच अडकवून ठेवली तरीही असेच होते. गेस्ट-मेमएफडीतली पेजेस स्वॅपमध्ये (रॅम कमी पडल्यावर डिस्कवर) जात नाहीत. म्हणून इथे मेमरीचे जास्तीचे वाटप चालत नाही आणि रॅम पूर्ण मोजूनच यंत्र घ्यावे लागते. एसएनपीत पेजच्या मालकीचा तक्ता प्रत्येक ४ केबी पेजसाठी १६ बाइट घेतो. १ टीबीच्या सर्व्हरवर त्याचे ४ जीबी होतात.

उपकरणांची बहुतेक देवघेव एसडब्ल्यूआयओटीएलबी या सामायिक साठ्यातून होते. लिनक्स गेस्टमध्ये तो एकूण मेमरीच्या ६ टक्के, कमीत कमी ६४ एमबी आणि जास्तीत जास्त १ जीबी असतो. पगाराच्या दिवशी व्यवहार एकदम वाढून तो भरला, तर कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदीत साठा भरल्याचा संदेश येतो आणि डिस्कवरची लेखने चुकू लागतात. बूटच्या ओळीत या साठ्याचे आकारमान २ केबीच्या तुकड्यांत देतात: २६२१४४ म्हणजे ५१२ एमबी. या साठ्यातून जे जाते ते होस्टला दिसते. म्हणून डिस्कवर एलयूकेएस आणि नेटवर्कवर टीएलएस हे कूटबद्ध करण्याचे दोन्ही उपाय लागतातच.

होस्टने खासगी पेजवर लिहिण्याचा प्रयत्न केला तर एसएनपीत तो मालकीच्या तक्त्यापाशीच अडतो. टीडीएक्समध्ये मात्र बिघडलेले पेज गेस्ट वाचतो तेव्हा मशीन-चेक (प्रोसेसरने दिलेली हार्डवेअर-चुकीची सूचना) होऊन गेस्ट बंद पडू शकतो. सामायिक पेज परत खासगी करणे फसले, तर ते मोकळ्या पेजांच्या यादीत सोडू नये. लिनक्स असे पेज जाणूनबुजून वापराबाहेर ठेवतो. त्यात थोडी मेमरी वाया जाते, पण उद्या कर्नलने त्याच पेजवर पासवर्ड ठेवण्याचा धोका टळतो. केएक्झेकने (चालू कर्नलमधूनच) नवे कर्नल सुरू करण्याआधीही सर्व सामायिक पेजेस परत खासगी करावी लागतात, नाहीतर नवे कर्नल त्यांना खासगी समजून वापरू पाहते आणि तिथेच कोसळते.