शॅकमधल्या स्क्रीनवर 'के' मोठा हवा की 'ए'?

जुना लॅपटॉप किंवा कपाटात पडून असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), एक मॉनिटर आणि स्क्रीनभर उघडलेला ब्राउझर. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) माहितीफलक एवढ्या सामानात उभा राहतो. अवकाश हवामानाचे आकडे अमेरिकेची नोआ ही संस्था फुकट देते. गोंधळ सुरू होतो तो फलकावर शेजारीशेजारी बसलेल्या 'के' आणि 'ए' या निर्देशांकांपाशी. दोन्ही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजतात आणि दोन्ही जितके लहान तितके लांबच्या रेडिओ संपर्काला बरे. त्यामुळे पुष्कळ जण नुसता ए बघून आज बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) कसा असेल ते ठरवतात.

के हा तीन तासांचा आकडा. 0 ते 9 अशी त्याची पट्टी, आणि 5 पासून वादळ धरतात. या पट्टीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वर जावं तशी प्रत्येक पायरी मोठी होत जाते. म्हणून दिवसभरातल्या आठ के-ची थेट सरासरी काढून चालत नाही. आधी प्रत्येक के सरळ मापात बदलतात: 1 चे 3, 3 चे 15, 6 चे 80, 9 चे तब्बल 400. मग त्या आठ आकड्यांची सरासरी, तो दिवसाचा ए.

खरी मेख इथे आहे. दिवसभर के 3 राहिला तर ए येतो 15. दुसऱ्या दिवशी सात वेळा 1 आणि एकदाच 6 आला, तर ए जेमतेम 13. ए-वर विसंबलात तर हा दुसरा दिवस जास्त शांत वाटेल. प्रत्यक्षात त्यात तीन तासांचं वादळ दडलेलं आहे. आपल्याकडून उत्तर अमेरिकेला जाणारा जवळचा मार्ग ध्रुवीय भागावरून जातो, आणि अशा वेळी आधी मार खातो तोच.

तेव्हा के मोठ्या अक्षरांत ठेवा, 5 झाला की लाल होईल असा. त्याचे टप्पे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे बदलतात, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच, सकाळी साडेआठ, साडेअकरा असे. सर्व्हरला दर मिनिटाला विचारत बसायचं कारण नाही.

ए-ला कोपऱ्यात महिन्याभराचा आलेख द्या. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी साधारण 27 दिवसांत होते, त्यामुळे मागच्या फेरीत ए उसळला होता ते दिवस पुन्हा जड जाण्याची शक्यता असते. कॉन्टेस्टची, म्हणजे जास्तीत जास्त संपर्क साधण्याच्या स्पर्धेची, तयारी करताना हा आलेख फार उपयोगी पडतो.

महाराष्ट्रातही हे मोजमाप जुनं आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला हलवली, ती आजही चालू आहे. फलकावरचा के मात्र पृथ्वीव्यापी असतो, बराच उत्तरेकडच्या वेधशाळांवर बेतलेला. युरोप-अमेरिकेच्या मार्गांबद्दल तो जितकं सांगतो, तितकं चेन्नई किंवा कोलंबोशी होणाऱ्या गप्पांबद्दल सांगत नाही.