क्रोशाचे टाके

टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने दोऱ्याचा एक फास दुसऱ्यातून ओढून घेत केलेल्या विणीचे घटक. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे राहतात. क्रोशात प्रत्येक टाका जागच्या जागी पूर्ण होतो आणि सुईवर एकच फास उरतो. म्हणून चुकलेला भाग हवा तेवढाच उसवता येतो. ट्युनिशियन क्रोशे हा याला अपवाद. त्यात ओळभर फास सुईवर साठवले जातात.

उगम : अरबस्तान, चीन आणि दक्षिण अमेरिका अशी तीन उगमस्थाने सुचवली गेली आहेत. मात्र डॅनिश संशोधक लिस पालुडान यांना यूरोपात सुमारे १८०० पूर्वी क्रोशे होत असल्याचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. ईजिप्तमधील कॉप्टिक मोज्यांचा दाखला अनेकदा दिला जातो. पण ते नालबाइंडिंगचे काम आहे. त्यात नेढ्याच्या सुईने दोऱ्याचा अख्खा तुकडा प्रत्येक फासातून ओढून घेतात. शेवटचा फास मोकळा करून दोरा ओढला की क्रोशे सरसर उसवते, नालबाइंडिंग तसे उसवत नाही. या कसोटीवर बरेच ‘प्राचीन क्रोशे’ बाद होते.

अठराव्या शतकात यूरोपात रूढ झालेल्या तांबूर भरतकामात ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळी टाका घालत. भारतातील आरीकाम याच जातीचे. कापड वगळून तीच साखळी मोकळी घालण्यातून क्रोशे आले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याने जाळीदार कामाचा उलगडा होतो. घट्ट विणीचा मात्र पुरता होत नाही. तिच्यासाठी स्कॉटलंडमधील ‘मेंढपाळी विणकामा’कडे, म्हणजे आकड्याच्या सुईने घातल्या जाणाऱ्या दाट विणीकडे, पाहावे लागते. स्कॉटिश लेखिका एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींत १८१२ च्या संदर्भात त्याचा उल्लेख येतो, पण त्या आठवणी छापल्या गेल्या १८९८ मध्ये; म्हणून हा काळ जपूनच घ्यावा. क्रोशे हे नाव आजच्या अर्थाने वापरणाऱ्या, ज्ञात असलेल्या पहिल्या छापील सूचना १८२३ मध्ये ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आल्या. रेशमी दोऱ्याच्या तीन बटव्यांचे ते नमुने : एक साखळ्यांच्या कमानींचा, दुसरा कमानी आणि स्लिप स्टिच (टाक्यातून ओढलेला दोरा सुईवरच्या फासातूनही तसाच काढून घातलेला बुटका टाका) यांचा आलटून पालटून, तिसरा दाट मुक्या खांबांचा (हा टाका पुढे दिला आहे). म्हणजे जाळीदार आणि घट्ट या दोन्ही धारा तोवर एकत्र आल्या होत्या.

मूळ टाके : साखळी, म्हणजे फासातून फास ओढत केलेली रांग, हा पाया. मुक्या खांबात सुई टाक्यात घालून दोरा ओढला की दोन फास होतात. मग सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढायचा. खांबासाठी आधी सुईवर एक वेढा घ्यावा लागतो. दोरा ओढल्यावर तीन फास होतात, ते दोन-दोन करून सोडवायचे. तेच तिन्ही एकदम सोडवले तर अर्धा खांब. लांब खांबाला आधी दोन वेढे लागतात. परदेशी नमुने वाचताना जपावे : अमेरिकन ‘सिंगल’ तो ब्रिटिश ‘डबल’ आणि अमेरिकन ‘डबल’ तो ब्रिटिश ‘ट्रेबल’. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द आढळले तर तो अमेरिकन समजावा. ब्रिटिश परिभाषेत या नावाचा टाका सहसा वापरत नाहीत.

कडा : नवशिक्याचा रुमाल बहुधा कडेला बिघडतो. ओळ उलटवताना मुक्या खांबाला १, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३ आणि लांब खांबाला ४ साखळ्या चढवतात. मुक्या खांबाची साखळी टाका म्हणून मोजत नाहीत, खांबाच्या ३ साखळ्या सहसा मोजतात. त्यामुळे २० मुक्या खांबांना २१ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करायची. २० खांबांना २२ घालून चौथीत. पुढच्या ओळीत पहिला खांब या ३ साखळ्यांच्या बुडाशी घातला की एक टाका वाढतो. ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या तिसऱ्या साखळीत खांब घालायचा राहिला की एक घटतो. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर मोजणी बरोबर येते आणि वीण तिरकी सरकते. म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. पहिल्या व शेवटच्या टाक्याला खुणेचा दोरा बांधावा. पायाची कड आखडून वीण पंख्यासारखी पसरत असेल तर साखळी घट्ट झाली आहे. तेवढी साखळी अर्धा मिमी. जाड सुईने घालावी.

गोल विणताना मुक्या खांबांची पहिली फेरी ६ टाक्यांची, खांबांची १२ ची. पुढे प्रत्येक फेरीत तेवढेच वाढवतात. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर. वाढी प्रत्येक फेरीत एकाखाली एक आल्या तर षट्कोन दिसू लागतो, म्हणून त्यांच्या जागा फेरीगणिक सरकवाव्यात.

पुढचे टाके : टाक्याच्या माथ्यावर इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन कड्या असतात. फक्त मागच्या कडीत विणत गेल्यास पन्हाळीदार, ताणणारी वीण मिळते. मनगटपट्टीला ती योग्य. शिंपल्यासाठी एकाच टाक्यात ५ खांब घालतात. दोन्ही बाजूंना २-२ टाके सोडून मुका खांब घेतल्यास नमुना ६ च्या पटीत अधिक १ असा बसतो. बॉबल आणि पॉपकॉर्न या फुगीर टाक्यांत गल्लत होते. बॉबलमध्ये एकाच टाक्यातले ५ अपुरे खांब (प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवरच ठेवलेले) शेवटी एकत्र बंद करतात. फुगवटा पलीकडे जातो, म्हणून तो उलट बाजूच्या ओळीत घालावा. पॉपकॉर्नमध्ये एकाच टाक्यात ५ खांब पूर्ण करून सुई काढतात, ती पहिल्या खांबाच्या माथ्यातून पुढून मागे घालतात व सुटलेला फास ओढून घेतात. फुगवटा आपल्याकडे येतो. दोन्हींच्या शेजारी मुके खांबच ठेवावेत; उंच खांब ठेवल्यास फुगवटा बसून जातो.