"कसं झालं?"

प्रयोग संपतो. टाळ्या थांबायच्या आत डोक्यावर हिरव्या लोकरीचे झुबके लावलेला जंतू विंगेत येतो आणि धापा टाकत विचारतो, "कसं झालं?" नाटक अर्ध्या तासाचं, हात का धुवायचे ते सांगणारं. नट विद्यार्थी, प्रेक्षक सहा-सात वर्षांचे. नाटक बसवणाऱ्याने आता काय सांगायचं? "मस्त झालं" म्हटलं तर जंतूच्या हाती काही लागत नाही. "आवाज मागे पोचला नाही" यात निदान काही माहिती आहे. आणि "तू जरा लाजतोसच" हे उत्तर उद्याचा प्रयोगही बिघडवू शकतं.

हे बिघडणं मोजलं गेलेलं आहे. १९९६ साली अवराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी अभिप्रायाच्या परिणामांवरचं आधीचं संशोधन गोळा केलं आणि त्यातले ६०७ निष्कर्ष एकत्र मांडून पाहिले. सरासरी काढली तर अभिप्रायाने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते चक्क खालावलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अभिप्राय ऐकून माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं, तर त्याचा उपयोग घटतो. "मी लाजाळू दिसतो का?" हे डोक्यात घेऊन जो रंगमंचावर जातो, त्याच्याकडे जंतूसाठी फारसं लक्ष उरत नाही. आणि "तू जन्मजात नट आहेस" या कौतुकाचीही तीच गत, कारण तेही कामाबद्दल काही सांगत नाही. रूथ बटलर यांच्या १९८८ मधल्या प्रयोगात शाळकरी मुलांना नुसते शेरे दिले तेव्हा त्यांची गोडी आणि कामगिरी टिकली. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तेव्हा शेऱ्याचा फायदा पुसला गेला. नाटकाला गुण द्यायचेच असतील तर ते त्या दिवशी सांगू नयेत, असं माझं मत.

मग नटाचं लक्ष कुठे न्यायचं? समोर बसलेल्या मुलाकडे. पण ते मूल नटाला दिसणंच अवघड असतं. १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा खेळ मांडला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. वीस तालमी केलेला नट नेमका या वाजवणाऱ्यासारखा असतो. "सूक्ष्मजीव" हा शब्द तो एका श्वासात उडवून पुढे जातो, कारण त्याला तो कधीच कळलेला आहे. आणि खरं सांगायचं तर वीसही तालमींना हजर असलेला दिग्दर्शकही त्याच टेबलापाशी बसलेला असतो. म्हणून शेवटच्या तालमीला नाटक अजिबात न पाहिलेलं कुणीतरी आणून बसवावं.

नट स्वतः बहुतेकदा एकच गोष्ट टिपतात: "मुलं बघतच नव्हती!" इथे जरा थांबायला हवं. सेसमी स्ट्रीट ही मुलांना खेळीमेळीत शिकवणारी, १९६९ मध्ये सुरू झालेली अमेरिकी टीव्ही मालिका घडवताना संशोधक मुलांसमोर मालिकेचा भाग लावत आणि शेजारी, दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रं. मूल कोणत्या क्षणी तिकडे वळतं, याची बारीक नोंद ठेवली जाई. पुढे १९७९ मध्ये एलिझाबेथ लॉर्च आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने पाच वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना तोच कार्यक्रम दाखवला. एका खोलीत खेळणी होती, दुसरीत नव्हती. खेळण्यांविना मुलांनी ८७ टक्के वेळ पडद्याकडे पाहिलं, खेळण्यांसह जेमतेम ४४ टक्के. तरीही कार्यक्रम दोन्ही गटांना सारखाच समजला होता! मुलं अर्धा कान तिकडे ठेवून खेळत होती. या संशोधकांच्या नंतरच्या कामात, भाषा परकी केली किंवा दृश्यांची उलटापालट केली, तेव्हा मात्र मुलांचं पाहणं कमी झालं. म्हणजे एखादं मूल चप्पल काढून तिच्याशी खेळतंय याने नटाने हिरमुसू नये. सगळ्या माना एकदमच वळल्या, तर त्याआधीचं वाक्य संहितेत शोधावं. बहुधा तिथे काहीतरी कळेनासं झालेलं असतं.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे प्रयोगानंतर तीन-चार मुलांना गाठणं. "आवडलं का?" विचारू नये, मुलं "हो" म्हणून मोकळी होतात. "काय काय झालं नाटकात?" विचारावं. आमच्या जंतूबाबत उत्तर ठरलेलं: "तो हिरवा नाचला!" साबणाचं नावही नाही. रंजक पण मुद्द्याशी संबंध नसलेला तपशील मूळ मुद्दा झाकोळून टाकतो, हे वाचनाच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणून नाच कापायचा? मुळीच नाही, हशा हीच तर आपली पुंजी. नाच साबणाशी जोडायचा.

हे नटाला सांगायचं कसं, यालाही आधार आहे. गॅब्रिएल वुल्फ यांचे प्रयोग नटांवरचे नाहीत; तोल सांभाळणं, गोल्फ अशा शारीरिक कौशल्यांवरचे आहेत. त्यांत स्वतःच्या हातापायांपेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष ठेवणाऱ्यांना सहसा जास्त चांगलं जमलं. "हात इतके हलवू नकोस" यापेक्षा "शेवटच्या रांगेतल्या मुलीला साबणाची वडी दिसू दे" ही सूचना मला म्हणूनच पटते. हेल्गा आणि टोनी नॉइस यांना नटांच्या स्मरणशक्तीच्या अभ्यासात आढळलं, की नट वाक्यं घोकत बसत नाहीत. हे पात्र हे का बोलतंय, हे ते शोधत जातात. तेव्हा "या वाक्याला जंतूला काय हवंय?" असं विचारलं, की पाठांतर आणि अभिनय दोन्ही हलतात. एका वेळी असे दोनच मुद्दे पुरेत. मेकअप पुसत असलेल्या नटाला सहावा मुद्दा ऐकू येत नाही.

तर जंतूला एवढंच सांगितलं: "मुलांना तुझा नाच लक्षात राहिला, साबण नाही राहिला. काय करूया?" त्याने झुबके काढून खुर्चीवर ठेवले, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मी नाचता नाचता फेसावरून घसरून पडलो तर?"